वाळूचा हिशेब ठेवणारे अभियंते : सर क्लॉड इंग्लिस



या पानावर आम्ही थोर व्यक्तींची ओळख करून देत असतो. या वेळी आम्ही एका अभियंत्याची निवड केली आहे. त्यांचे नाव सर क्लॉड कॅव्हेंडिश इंग्लिस. ते जन्माने आयरिश होते, पण नोकरीची जवळजवळ चाळीस वर्षे त्यांनी आपल्या देशात काढली आणि त्यातील मोठा काळ पुणे परिसरात. स्थापत्य अभियांत्रिकी शिकणाऱ्या मुलामुलींना त्यांचे नाव एका सूत्रामुळे माहीत असते. पश्चिम घाटातील नदीचे पाणलोट क्षेत्र किती चौरस किलोमीटर आहे ते कळले की तिला जास्तीत जास्त किती मोठा पूर येऊ शकतो याचा अंदाज त्या सूत्राने काढता येतो. परंतु आम्हाला आज त्यांच्या दुसऱ्या कामाविषयी सांगायचे आहे. नदीच्या पाण्याबरोबर वाळू आणि गाळ कसा चालतो, किती चालतो आणि कुठे बसतो, याचा हिशेब मांडण्यात त्यांचे आयुष्य गेले.

हा विषय आपल्या शाळेला जवळचा का, ते आधी सांगतो. आपले कतारगाम तापीच्या काठी आहे. सिंगणपोरचा कॉजवे १९९५ मध्ये झाला. भरतीचे खारे पाणी वर चढू नये आणि शहराला गोडे पाणी मिळावे, हा त्याचा हेतू. पावसाळ्यात त्यावरून तांबूस-काळपट पाणी जाताना सर्वांनी पाहिले आहे. तो रंग मातीचा. तापी मध्य प्रदेशात मुलताईजवळ उगम पावते आणि खानदेशातून वाहत सुमारे ७२४ किलोमीटरचा प्रवास करून समुद्राला मिळते. आपल्या शाळेतील कितीतरी कुटुंबे मूळची जळगाव, धुळे, नंदुरबारकडची आहेत. ज्या दिशेने आपले वाडवडील कामधंद्यासाठी सुरतेला आले, त्याच दिशेने तिकडची मातीही नदीबरोबर शतकानुशतके इकडे येत राहिली आहे.

या मातीने सुरतेचा इतिहास घडवला आहे. एके काळी हे हिंदुस्थानातील आघाडीचे बंदर होते, पण नदीच्या मुखाजवळ वाळूचे दांडे असल्यामुळे मोठी जहाजे शहरापर्यंत येऊ शकत नसत. ती सुवाळीला नांगर टाकीत आणि माल लहान होड्यांतून किंवा गाड्यांतून आणावा लागे. १९७२ मध्ये उकाई धरण पूर्ण झाल्यावर वरून येणारा बराचसा गाळ तेथे अडू लागला. ऑगस्ट २००६ चा महापूर तर अनेक पालकांनी स्वतः सोसला आहे. नदीच्या पात्रात गाळ किती, त्यामुळे पात्रात पाणी किती कमी मावते, गाळ उपसला तर तो पुन्हा किती वर्षांत भरेल, असे प्रश्न तेव्हापासून घरोघरी निघतात. हे प्रश्न तावातावाने बोलून सुटत नाहीत. मोजमाप करून त्यांची उत्तरे शोधायची रीत आपल्या देशात ज्यांनी रुजवली, त्यांत इंग्लिस साहेब अग्रभागी होते.

क्लॉड इंग्लिस यांचा जन्म ३ मार्च १८८३ रोजी डब्लिन शहरात झाला. तेथील ट्रिनिटी कॉलेजात शिक्षण घेऊन १९०६ मध्ये ते हिंदुस्थानच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात दाखल झाले. त्यांची नेमणूक मुंबई इलाख्यात झाली. तेव्हाचा मुंबई इलाखा फार मोठा होता. सिंध, गुजरात, खानदेश, दख्खन, कोकण हे सर्व त्यातच येत असे. म्हणजे आपले सुरत आणि पुणे दोन्ही एकाच सरकारच्या कारभारात होती.

१९१६ साली मुंबई सरकारने पाटबंधाऱ्यांच्या अभ्यासासाठी पुण्यात एक खास विभाग सुरू केला आणि त्याचे काम इंग्लिस यांच्याकडे आले. त्याच वर्षी त्यांच्या मुलाचा, ब्रायनचा जन्म झाला. हा मुलगा पुढे इंग्लंडमध्ये नावाजलेला पत्रकार व इतिहासकार झाला, पण त्याचे बालपण बरेचसे आयर्लंडमध्ये, वडिलांपासून दूर गेले. कामासाठी घरापासून लांब राहणे म्हणजे काय हे आपल्या समाजाला वेगळे सांगायला नको.

इंग्लिस यांच्यापुढचा पहिला प्रश्न वाळूचा नव्हता, पाण्याचा होता. नीरा कालव्याच्या भागात ऊस पिकू लागला होता. शेताला भरपूर पाणी मिळू लागले आणि काही वर्षांतच चांगल्या काळ्या जमिनी पाणथळ व चोपण होऊ लागल्या. जमिनीखालचे पाणी वर येई, त्याबरोबर क्षार वर येत आणि पीक जळून जाई. दुष्काळी मुलखासाठी आणलेले पाणीच जमीन बिघडवू लागले होते. इंग्लिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भूजलाची पातळी मोजली, मातीचे थर तपासले, कुठे चर खणले तर पाणी निघून जाईल याचे नकाशे केले. पाटाचे पाणी मापून देता यावे म्हणून पाणी मोजण्याच्या साधनांवरही काम केले. आधी मोजायचे आणि नंतर मत द्यायचे, ही त्यांची शिस्त येथूनच दिसते.

नंतर वाळूचा प्रश्न समोर आला. नदीतून कालवा काढला की पाण्याबरोबर वाळूही आत येते. कालव्याचा वेग नदीपेक्षा कमी पडला तर ती वाळू तळाशी बसते, कालवा उथळ होतो आणि टेलच्या शेतकऱ्यापर्यंत पाणी पोहोचत नाही. उलट वेग फार ठेवला तर कालव्याचे काठच खचतात. मग वेग किती ठेवायचा? पंजाबात केनेडी नावाच्या अभियंत्याने १८९५ मध्ये चांगल्या चालणाऱ्या कालव्यांची मोजमापे घेऊन दाखवले की पाण्याच्या खोलीप्रमाणे एक ठरावीक वेग असतो. त्या वेगाला कालवा गाळाने भरतही नाही आणि खणलाही जात नाही. १९३० च्या सुमारास लेसी यांनी कालव्याची रुंदी, खोली आणि उतार ठरवण्याची सूत्रे दिली. त्यांनी गाळाचा कण किती जाड आहे हेही हिशेबात धरले. आपल्या देशातील हजारो मैलांचे कालवे या सूत्रांवर बांधले गेले.

इंग्लिस यांनी या कामाचा आदर केला, पण त्यातील एक उणीव त्यांनी दाखवली. गाळाचा कण केवढा आहे एवढे पुरत नाही, गाळ किती येतो हेही मोजले पाहिजे. दोन कालव्यांत सारखेच पाणी आणि सारखीच वाळू असली, पण एकात ती दुप्पट प्रमाणात येत असली, तर दोन्ही कालव्यांचे रूप सारखे राहणार नाही. त्यांनी लेसींच्या सूत्रांत गाळाच्या प्रमाणाला जागा करून दिली.

याहूनही महत्त्वाची गोष्ट अशी की नदीला फाटा फुटतो तेव्हा पाणी ज्या प्रमाणात वाटले जाते त्या प्रमाणात वाळू वाटली जात नाही. नदीतून दहावा हिस्सा पाणी घेतले तर वाळूचाही दहावाच हिस्सा येईल असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात वाळू कितीतरी जास्त येऊ शकते, किंवा कमीही. असे का होते, ते घरच्या घरी पाहता येते. पेल्यात पाणी घेऊन त्यात चिमूटभर चहापत्ती भिजवा आणि चमच्याने गोल ढवळा. पाणी गोल फिरते, म्हणजे पत्ती कडेला जायला हवी. पण ती तळाशी मधोमध गोळा होते. कारण तळाचे पाणी घर्षणाने मंद होते. वरच्या वेगवान पाण्याइतका बाहेर जाण्याचा जोर त्याच्यात राहत नाही, म्हणून ते आतल्या बाजूला ढकलले जाते आणि पत्तीला बरोबर नेते. नदीच्या वळणावर हेच घडते. थोर शास्त्रज्ञ आल्बर्ट आईन्स्टाईन यांनी १९२६ मध्ये चहाच्या कपाचे हेच उदाहरण घेऊन नद्यांच्या वळणांविषयी लिहिले होते. वळणाच्या आतल्या अंगाला वाळूचा पट्टा साचतो आणि बाहेरच्या अंगाला डोह पडतो, तो यामुळेच. कालव्याचे तोंड आतल्या अंगाला ठेवले तर वाळू ओढून घेतली जाते. बाहेरच्या अंगाला ठेवले तर वरचे, कमी वाळूचे पाणी मिळते.

या ज्ञानाची कसोटी सिंधू नदीवर लागली. सक्करचा मोठा बराज १९३२ मध्ये सुरू झाला. त्यातून सात कालवे निघतात, चार डाव्या काठाने आणि तीन उजव्या काठाने. लाखो एकर जमीन त्यांच्यावर अवलंबून होती. थोड्याच वर्षांत उजव्या काठाच्या कालव्यांत वाळू भरू लागली. इंग्लिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्याकडे नदीची प्रतिकृती करून प्रयोग केले. नदीचे पाणी बराजाजवळ कोणत्या वळणाने येते यावर वाळूची वाटणी ठरते, असे त्यात दिसले. मग उजव्या कालव्यांसमोर पाण्याला वळण देणारी खास वाट बांधायचे ठरले, म्हणजे कालव्यांची तोंडे वळणाच्या बाहेरच्या अंगाला येतील आणि तळाची वाळू दुसरीकडे जाईल. ती वाट बांधली गेली आणि कालव्यांत जाणारी वाळू घटली. नदीशी झुंज न देता तिच्याच स्वभावाचा उपयोग करून घेतला गेला.

प्रतिकृतींचे हे काम खडकवासल्याला, धरणाच्या पायथ्याशी चाले. धरणाचे पाणी उताराने आपोआप मिळते, पंपाची गरज नाही, ही तेथील मोठी सोय. १९३६-३७ च्या सुमारास ही संस्था केंद्र सरकारकडे आली आणि देशभरातील नद्यांचे प्रश्न तेथे येऊ लागले. गंगेवरच्या हार्डिंज पुलाचा बांध १९३३ मध्ये फुटला होता. त्या नदीचीही प्रतिकृती येथे झाली. अशी प्रतिकृती म्हणजे नुसती शोभेची लहान नदी नव्हे. लांबी-रुंदी जितक्या पटीने लहान केली तितक्याच पटीने खोली लहान केली तर पाणी बोटभरही उरणार नाही. म्हणून खोली कमी पटीने घटवावी लागते. पण त्यामुळे उतार वाढतो आणि वाळूचे वागणे बदलते. यावर उपाय असा की आधी नदीत प्रत्यक्ष घडून गेलेल्या गोष्टी प्रतिकृतीत घडवून पाहायच्या. त्या जुळल्या तरच पुढे काय होईल हे तिला विचारायचे. प्रतिकृती कुठे फसवते हेही इंग्लिस यांनी सविस्तर लिहून ठेवले आहे.

हे काम एकट्याचे नव्हते. वाळू चाळणारे, रात्रंदिवस पातळ्या नोंदवणारे, आकडेमोड करणारे बहुतेक लोक आपल्याच देशाचे होते. त्यांच्यातील डी. व्ही. जोगळेकर यांचे नाव आवर्जून घ्यायला हवे. इंग्लिस यांच्या हाताखाली तयार झालेले जोगळेकर पुढे त्याच संस्थेचे संचालक झाले आणि नद्यांचे वर्तन व नियंत्रण यांवरील त्यांचा ग्रंथ भारतीय अभियंत्यांनी पिढ्यान्‌पिढ्या वापरला.

त्याच काळात युरोप-अमेरिकेतही हा हिशेब वेगळ्या वाटेने मांडला जात होता. झुरिकला मेयर-पेटर आणि म्युलर यांनी खडे-गोट्यांच्या नद्यांसाठी १९४८ मध्ये सूत्र दिले. प्रवाहाचा तळावरचा जोर एका मर्यादेपलीकडे गेला की मगच खडे हलतात, हा त्याचा पाया. आल्बर्ट आईन्स्टाईन यांचे चिरंजीव हान्स आल्बर्ट हेही याच विषयाचे अभियंते होते. एखादा कण अमुक क्षणी उचलला जाईल की नाही हे निश्चित सांगता येत नाही, फक्त त्याची शक्यता सांगता येते, हा विचार घेऊन त्यांनी १९५० मध्ये आपली पद्धत प्रसिद्ध केली. या सर्व पद्धतींत कणांचे आकार लागतात आणि ते चाळण्यांनी काढतात. कतारगामच्या मुलांना हे समजायला वेळ लागणार नाही. हिऱ्याच्या कारखान्यात बारीक माल जसा वेगवेगळ्या छिद्रांच्या चाळण्यांतून काढून वेगळा करतात, तशीच नदीची वाळू चाळण्यांच्या उतरंडीतून काढून प्रत्येक आकाराची किती भरली ते तोलतात.

मात्र एक गोष्ट ध्यानात ठेवावी. एकाच नदीला दोन चांगली सूत्रे लावली तरी उत्तरे दुप्पट-तिप्पट वेगळी येऊ शकतात. प्रवाहाचा वेग थोडा वाढला तरी वाळू कितीतरी पटीने वाढते. म्हणून वर्षभराच्या वाळूपैकी मोठा भाग पावसाळ्यातील थोड्याच दिवसांत सरकतो आणि नेमके त्याच दिवसांत मोजमाप करणे कठीण असते. खड्यांच्या नदीत तर वरचा थर जाड गोट्यांचा असतो व बारीक माल त्याखाली दडलेला असतो. वरून पाहून अंदाज केला तर तो चुकतो. म्हणूनच इंग्लिस यांच्या मार्गात सूत्र, प्रतिकृती आणि प्रत्यक्ष नदीवरील मोजणी या तिन्हींना स्थान होते.

१९४५ मध्ये त्यांना सर ही पदवी मिळाली. देश स्वतंत्र होण्याआधी ते परतले. त्यांच्या भारतातील कामाचा ग्रंथ १९४९ मध्ये पुण्याच्या संस्थेनेच दोन भागांत प्रसिद्ध केला. ब्रिटनमध्ये जलशास्त्र संशोधनाची नवी सरकारी संस्था निघाली, तिचे ते १९४७ मध्ये पहिले संचालक झाले आणि १९५८ पर्यंत त्या पदावर राहिले. म्हणजे खडकवासल्यात घडलेली कार्यपद्धती आपल्याकडून विलायतेला गेली, असे म्हणायला हरकत नाही. १९५३ मध्ये रॉयल सोसायटीने त्यांना सदस्यत्व दिले.

तेथे त्यांनी थेम्स नदीच्या मुखाचा अभ्यास केला. लंडन बंदरातील गाळ उपसून तो खाली समुद्राकडे नेऊन टाकत असत. १९५७ मध्ये इंग्लिस आणि ॲलन यांनी दाखवले की खारे पाणी जड असल्यामुळे तळाशी वरच्या दिशेने सरकते आणि टाकलेला गाळ पुन्हा आत आणते. ज्या गाळावर खर्च करायचा तोच परत येत होता. भरती-ओहोटीच्या नदीकाठी राहणाऱ्या आपण सुरतकरांनी हे उदाहरण लक्षात ठेवण्यासारखे आहे. गाळ किती उपसला एवढेच विचारून भागत नाही. तो कुठे टाकला आणि परत येणार की नाही, हेही विचारायला हवे.

इंग्लिस हे परकीय सरकारचे अधिकारी होते हे आम्ही विसरत नाही. त्या सरकारने कालवे बांधले त्यात महसुलाचा विचार होताच. परंतु चोपण जमिनीचा शेतकरी आणि टेलचा शेतकरी यांच्या अडचणीचे खरे कारण शोधण्यासाठी त्यांनी जे परिश्रम घेतले ते आपल्या उपयोगी पडले. १९७४ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांनी वाढवलेली संस्था आज केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्र या नावाने खडकवासल्याला कार्यरत आहे. संगणकाचा उपयोग आता होतो, तरी तेथे प्रतिकृतींवरचे प्रयोगही चालतात.

विद्यार्थी मित्रांनो, आठवी-नववीच्या विज्ञान मंडळाला आम्ही एक काम देत आहोत. पावसाळ्यात मोठ्या माणसांच्या देखरेखीखाली एक लिटर गढूळ पाणी आणायचे. कोणीही एकट्याने नदीवर जायचे नाही. पाणी एक-दोन दिवस स्थिर ठेवून वरचे निवळ पाणी अलगद काढायचे, खालचा गाळ वाळवून तोलायचा. समजा तो एक ग्रॅम भरला. मग एक घनमीटर पाण्यात एक किलो झाला. नदीतून सेकंदाला १,००० घनमीटर पाणी जात असेल तर सेकंदाला एक टन आणि दिवसाला ८६,४०० टन गाळ आपल्या दारावरून गेला. हा फक्त तरंगत्या गाळाचा हिशेब आहे, तळाने सरकणारी वाळू त्यात आलेली नाही. दर आठवड्याला तारीख, पाऊस आणि गाळाचे वजन वहीत लिहायचे. एका वर्षाच्या नोंदीने फार काही सिद्ध होणार नाही. पुढच्या तुकड्यांनी ती वही चालू ठेवली तर मात्र ती मोलाची ठरेल.

विश्वस्त मंडळास आमची नम्र विनंती आहे की प्रयोगशाळेसाठी एक अचूक वजनकाटा आणि चाळण्यांचा एक संच मिळावा. ज्या पालकांचा हिऱ्याच्या कामाशी संबंध आहे त्यांनी एखाद्या शनिवारी वर्गात येऊन चाळणीचे काम मुलांना दाखवावे. येऊ इच्छिणाऱ्यांनी आपले नाव शाळेच्या कार्यालयात नोंदवावे.

— मुख्याध्यापक